जुन्या ट्रेलरला नवे टायर: खरेदीपासून लांबच्या प्रवासापर्यंत

मे महिना लागला की इकडे न्यू जर्सीत ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच: "अगं, वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर चांगल्या किमतीत मिळतोय, घेऊ का?" ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर. आठवड्याभरात दुसरा फोन: "टायर जुने वाटतात. कुठल्या कंपनीचे घालू?" कंपनीचा प्रश्न खरं तर पाचव्या नंबरवर यायला हवा. ट्रेलरचे टायर प्रामुख्याने तीन कारणांनी फुटतात. वजन झेपत नाही, हवा कमी असते, किंवा टायरचं वय झालेलं असतं. यावर वेग आणि उन्हाळा आला की जे दोन वर्षांनी व्हायचं ते याच सुट्टीत होतं. या तिन्हीचा बंदोबस्त केला नाही तर महागडा टायरही फुटतो.

हा लेख एसयूव्ही किंवा पिकअपच्या मागे हिचच्या, म्हणजे जोडणीच्या, लोखंडी बॉलवर जोडून ओढायच्या, दोन अ‍ॅक्सल आणि चार चाकांच्या ट्रेलरसाठी आहे. पिकअपच्या हौद्यात जोडतात त्या फिफ्थ व्हीलचं गणित वेगळं असतं, त्यामुळे ते इथे घेतलेलं नाही.

१. आधी तीन पाट्या वाचा

पहिली पाटी ट्रेलरवर असते. डाव्या बाजूला, पुढच्या भागात, बाहेरून चिकटवलेली. तिच्यावर ट्रेलरचं कमाल एकूण वजन असतं, ते जीव्हीडब्ल्यूआर. प्रत्येक अ‍ॅक्सलची कमाल क्षमता असते, ती जीएडब्ल्यूआर. शिवाय कारखान्यातून निघताना बसवलेल्या टायरचं माप, रिमचं माप आणि टायर थंड असताना किती हवा ठेवायची तो आकडा. फोनवर तिचा फोटो काढून ठेवा. उन्हाने ही पाटी काही वर्षांत पांढरी पडते आणि मग आकडे शोधत बसावं लागतं.

दुसरी पाटी म्हणजे खुद्द टायर. त्याच्या बाजूवर लिहिलेलं ट्रेलरच्या पाटीशी जुळतंय का पाहा. जुना ट्रेलर असेल तर आधीच्या मालकाने जे स्वस्त मिळालं ते चढवलेलं असू शकतं. चारही चाकं बघा. एका चाकावर वेगळाच टायर निघण्याचे प्रकार बरेच दिसतात. आणि स्टेपनी विसरू नका.

तिसरी पाटी ओढणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत असते. माणसं आणि सामान मिळून किती पाउंडांच्या वर जाऊ नये, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. हाच पेलोड. विक्रेता "ही गाडी ७,५०० पाउंड ओढते" म्हणतो तेव्हा तो या पाटीबद्दल अवाक्षर काढत नाही. आणि बहुतेक घरच्या गाड्या ओढण्याच्या क्षमतेआधी पेलोडवरच अडकतात. त्याचा हिशोब पुढच्या पायरीत येतोच.

२. दुकानाआधी वजनकाटा

हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर, म्हणजे पायलट, फ्लाइंग जे, लव्ह्ज अशा ठिकाणी, कॅट स्केल नावाचे काटे असतात. ते काही फक्त ट्रकवाल्यांसाठी नाहीत. पंधरा डॉलरच्या आसपास खर्च येतो आणि त्याच दिवशी पुन्हा वजन केलं तर थोडक्यात होतं. 'वे माय ट्रक' हे अ‍ॅप घेतलं तर काचेतून हात लांबवून बटण दाबायची कसरतही वाचते.

काट्याला लागोपाठ तीन फळ्या असतात. गाडीची पुढची चाकं पहिल्या फळीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची चारही चाकं तिसरीवर. ट्रेलर प्रवासाला निघतो तसा भरलेला हवा: भांडी, गाद्या, सायकली, गॅसच्या टाक्या आणि पाणी भरून निघणार असाल तर पाणीही. पाण्याचा एक गॅलन ८.३४ पाउंडांचा, त्यामुळे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पाउंडांवर वजन चढतं. मराठी घरांत अजून एक गोष्ट घडते. दोन प्रेशर कुकर, इडलीपात्र, तांदळाची २० पाउंडी पिशवी, "असू दे" म्हणून घेतलेला तवा. हे सगळं नेमकं एकाच बाजूच्या कपाटात जातं.

दोन वजनं घ्या. पहिलं गाडी आणि ट्रेलर जोडून. वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे ट्रेलरचा भार गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी जोडणी, असेल तर त्याच्या दांड्या या वजनापुरत्या सैल ठेवा. दुसरं फक्त गाडीचं, त्याच माणसांसह. ट्रेलर तेवढा वेळ पार्किंगमध्ये सोडून. आता उदाहरण घेऊ.

जोडलेल्या सगळ्याचं वजन १२,५५० पाउंड आलं. नुसती गाडी ५,९००. म्हणजे ट्रेलर ६,६५० चा. तिसऱ्या फळीवर ट्रेलरच्या चाकांचं वजन दिसलं ५,८००. उरलेले ८५० पाउंड कुठे गेले? ते गाडीच्या हिचवर टेकले आहेत. हेच टंग वेट. ६,६५० पैकी ८५० म्हणजे जवळपास १३ टक्के. अशा ट्रेलरला १० ते १५ टक्के हवं, म्हणजे इथे ठीक आहे.

आता पेलोडचं बघा. हे ८५० पाउंड गाडीच्या पेलोडमधून जातात. दारावर १,४०० लिहिलं असेल आणि चार माणसांचे ६०० धरले, तर सामानाची एक बॅगही न ठेवता आपण ५० पाउंडांनी पुढे गेलो. ट्रेलर ओढण्याच्या क्षमतेत बसतोय, पण गाडी मात्र लादलेली आहे. अशा वेळी ट्रेलरचे टायर कितीही उत्तम असले तरी गाडीचे मागचे टायर आणि ब्रेक मार खाणार.

आणि मुख्य मुद्दा, टायर. ५,८०० भागिले चार, म्हणजे प्रत्येक टायरवर सरासरी १,४५० पाउंड. पण ही सरासरी झाली. स्वयंपाकघर, फ्रिज आणि स्लाइडआउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) एका बाजूला असले तर त्या बाजूचे दोन टायर १,५५० पर्यंत सहज जातात. कॅट स्केलवर डावी-उजवी बाजू वेगळी कळत नाही. म्हणून सरासरीच्या वर किमान १५-२० टक्के मोकळीक हवीच, असं माझं ठाम मत आहे.

३. टायरवरची अक्षरं

समजा टायरवर लिहिलंय: एसटी २०५/७५ आर १४, लोड रेंज सी.

एसटी म्हणजे स्पेशल ट्रेलर. कारच्या टायरवर पी असतं, पिकअपच्या टायरवर एलटी. ट्रेलरच्या टायरची बाजू जास्त ताठ असते, कारण दोन अ‍ॅक्सलचा ट्रेलर वळताना चाकं रस्त्यावर अक्षरशः घासत वळतात आणि टायरला आडवा पीळ बसतो. कारचा टायर तिथे घालू नका, माप तंतोतंत जुळलं तरी नाही. एलटी टायर काही लोक मोठ्या ट्रेलरला मुद्दाम वापरतात. तो टायर तेवढं वजन पेलतो का याचा हिशोब नीट करावा लागतो, त्यामुळे नवख्यांनी एसटीवरच राहावं.

२०५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ७५ हे उंची आणि रुंदीचं प्रमाण, आर म्हणजे रेडियल, १४ इंचांचं रिम.

लोड रेंज हे सगळ्यात महत्त्वाचं अक्षर. सी म्हणजे कमाल ५० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड, हवेच्या दाबाचं माप) हवा, डी म्हणजे ६५, ई म्हणजे ८०. वरच्या मापात सी टायर १,७६० पाउंड पेलतो आणि डी टायर २,०४०. आता गंमत बघा. ३,५०० पाउंडांच्या अ‍ॅक्सलवर दोन टायर, म्हणजे एकावर १,७५०. सी टायर १,७६० चा. मोकळीक फक्त दहा पाउंड! अनेक ट्रेलर कारखान्यातूनच असे हिशोबाच्या काठावर बाहेर पडतात. त्यामुळे "जसे होते तसेच द्या" असं दुकानात सांगणं म्हणजे तोच काठ पुन्हा विकत घेणं.

वेगाचं अक्षरही बघा. एल म्हणजे ७५ मैल, एम ८१, एन ८७. अक्षरच नसेल, विशेषतः जुन्या एसटी टायरवर, तर ६५ मैलांच्या वर जाऊ नये. एन लिहिलेला टायर घेतला म्हणून ८० ने पळवायचं नसतं; तो आकडा टायरचा आहे, तुमच्या ब्रेकचा नाही.

शेवटी वय. 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. हे चार आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नेमकी आत, ट्रेलरखाली असते. फोनचा कॅमेरा आत घालून फोटो काढा.

आपल्याकडे टायर गोटा झाला की बदलायचा, ही सवय हाडीमाशी खिळलेली. ट्रेलरला ती लागू पडत नाही. वर्षातले दहा महिने तो अंगणात उभा असतो. ऊन, पाऊस आणि एकाच जागी बसलेला भार खाऊन आतलं रबर म्हातारं होतं, पण वरची नक्षी मात्र नवीकोरी दिसते. पाच वर्षं झाली की बदलायची तयारी, सहा झाली की बदलायचेच. बाजूवर बारीक भेगा, फुगवटा किंवा एकाच कडेने झीज दिसली तर वर्षं मोजूच नका. एका कडेची झीज बहुतेक वेळा वाकलेल्या अ‍ॅक्सलची खूण असते; ते दुरुस्त न करता नवे टायर घातले तर तेही तसेच खाल्ले जातील.

४. नेमका कोणता घ्यायचा

माप तेच ठेवा आणि लोड रेंज एक पायरी वर न्या. सी असेल तर डी, डी असेल तर ई. बहुतेक घरच्या ट्रेलरला एवढं पुरतं. वरच्या उदाहरणात १,५५० पाउंडांच्या भाराला २,०४० चा टायर मिळाला की जवळपास पाव मोकळीक राहते. मोठ्या मापाच्या मागे लागलात तर चाकाच्या कमानीत आणि दोन टायरच्या मधल्या फटीत तो बसतो का, हे मोजावं लागतं. ट्रेलर खड्ड्यातून जाताना स्प्रिंग दाबली जाते, हेही त्यात धरायचं.

पण वरच्या लोड रेंजला जाताना दोन गोष्टी तपासल्याशिवाय जाऊ नका.

एक, रिम. रिमलाही वजनाची आणि हवेची मर्यादा असते. ती रिमच्या मागच्या बाजूला कोरलेली किंवा ठोकलेली असते. ५० पीएसआयच्या रिमवर ६५ चा टायर चढतो, कुणी अडवत नाही, आणि हीच पंचाईत आहे.

दोन, व्हॉल्व्ह. साधा रबरी व्हॉल्व्ह, टीआर ४१३ जातीचा, ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो. ई टायरला तो चालत नाही. डी टायरलाही मी धातूचा, नटाने आवळायचा व्हॉल्व्हच लावून घेते. टोपीच्या जागी हवेचा सेन्सर बसवणार असाल तर धातूचा व्हॉल्व्ह हवाच. सेन्सरच्या वजनाने रबरी देठ हलत राहतो आणि मुळाशी चिरतो.

एक मोठा गैरसमज इथेच. डी टायर घालून त्यात जुन्या पाटीप्रमाणे ५० च हवा भरली, तर तो सी टायरइतकंच वजन पेलतो. जास्तीची ताकद जास्तीच्या हवेतून येते. पैसे डीचे, काम सीचं.

कंपनीचं विचाराल तर गुडइयरची एन्ड्युरन्स ही मालिका २०१७ मध्ये आली आणि अमेरिकेत बनते. कार्लाइल, मॅक्सिस ही नावंही ट्रेलरवाल्यांत खूप चालतात. यातलं जे तुमच्या मापात, ताज्या तारखेचं मिळेल ते घ्या. चारही एकदम बदला. रेडियल आणि बायस-प्लाय (आतले थर वेगळ्या पद्धतीने दिलेले टायर) एकाच ट्रेलरवर मिसळू नका. स्टेपनी त्याच लोड रेंजची हवी, नाहीतर ती उपयोगाची नाही, फक्त टांगलेली शोभा.

५. दुकानात

बऱ्याच टायरच्या दुकानांत ट्रेलर आत घेत नाहीत. जागा नसते किंवा उचलायची सोय नसते. म्हणून आधी फोन करा. काही जण चाकं घरी काढून, एका वेळी दोन-दोन, नेहमीच्या गाडीतून दुकानात नेतात. ते सगळ्यात सोपं.

फोनवर एवढं विचारा: माप आणि लोड रेंज स्टॉकमध्ये आहे का, तारीख काय, धातूचे व्हॉल्व्ह लावाल का, चाकं बॅलन्स कराल का. "ट्रेलरला कशाला बॅलन्स" असं उत्तर येईल. तरी करून घ्या. आत माणूस बसलेला नसतो, म्हणून थरथर कुणाला कळत नाही, पण फ्रिज, कपाटांचे स्क्रू आणि बेअरिंग ती सोसत असतात.

टायर चढवण्याआधी तारीख स्वतः वाचा. दीड-दोन वर्षं गोदामात पडलेला टायर "नवा" म्हणून मिळतो, आणि तुमच्या पाच वर्षांतली दोन तिथेच संपलेली असतात. सहा महिन्यांच्या आतली तारीख मागा. ऑनलाइन मागवताना हे मागता येत नाही. म्हणून थोडे पैसे जास्त गेले तरी मी समोर बघूनच घेते. बिलावर डॉट क्रमांक लिहून घ्या आणि टायर निर्मात्याकडे नोंदवा. पुढे त्या तुकडीत दोष निघून परत बोलावणं झालं तर पत्र तुमच्याकडे येतं.

६. नट आवळणं

हे दोन ओळींत संपणारं वाटतं, पण चाक निखळून जाणं टायर फुटण्यापेक्षा भयानक. दुकानातल्या एअर गनने आवळलेल्या नटांवर विसंबू नका. टॉर्क पाना, म्हणजे आवळायचा जोर मोजून दाखवणारा पाना, विकत घ्या. समोरासमोरचे नट, ताऱ्यासारख्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे. अर्ध्या इंची स्टडला (नट ज्यावर बसतो तो खिळा) साधारण ९० ते १२० फूट-पाउंड लागतात, पण तुमच्या अ‍ॅक्सलच्या पुस्तिकेतला आकडा शेवटचा.

नवी चाकं लावून निघाल्यावर १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून पुन्हा तपासा. ट्रेलरच्या अ‍ॅक्सलमधलं मोठं नाव असलेली डेक्स्टर कंपनी हेच सांगते. अ‍ॅल्युमिनियमचं रिम असेल तर पहिल्या फेरीत नट हमखास थोडा फिरतो. चाकं निघालेलीच आहेत तर बेअरिंगही बघून घ्या. वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांनी ग्रीस बदलायचं असतं.

७. हवा

सकाळी, ऊन पडायच्या आत, ट्रेलर तीन तास तरी उभा असताना हवा तपासायची. एसटी टायरमध्ये टायरवर लिहिलेल्या कमाल थंड हवेइतकी हवा भरायची, फक्त रिमची मर्यादा ओलांडायची नाही. कारच्या टायरला आपण पाटीप्रमाणे ३५ भरतो तसं इथे "थोडी कमी बरी, गचके कमी बसतात" असं चालत नाही. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, तापतो आणि आतल्या आत थर सुटायला लागतात. आणि ट्रेलरचा एक टायर बसला तरी पुढच्या सीटवर काहीच जाणवत नाही.

दुपारी रस्त्यावर तोच टायर ५० वरून ५७-५८ दाखवेल. घाबरून हवा सोडू नका. ते अपेक्षितच आहे. सोडली तर दुसऱ्या दिवशी थंड टायर कमी हवेने निघेल. तापमान १० अंश फॅरेनहाइटने बदललं की साधारण एक पीएसआय हलतो, ई टायरमध्ये थोडा जास्त. म्हणून पहाटे थंडीत पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोजच्या डोंगरांतून निघून दोन दिवसांनी फ्लोरिडात पोचलात तर तिथल्या सकाळी पुन्हा मोजा.

टीपीएमएस, म्हणजे चाकातली हवा आणि तापमान पुढे स्क्रीनवर दाखवणारी यंत्रणा, ही चैन नाही. नव्या टायरांबरोबर ती घ्याच. चारही चाकांपैकी एकच तापत असेल तर तिथे बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय, हेही त्यावरून कळतं.

८. सोबत काय हवं

हत्यारं: टॉर्क पाना आणि तुमच्या नटाचं सॉकेट, ८० पीएसआयच्या वर मोजणारा हवेचा गेज, ट्रेलरच्या टायरला पुरेल असा कॉम्प्रेसर (कारचा छोटा ६५ च्या वर दमतो), बाटली जॅक आणि खाली ठेवायला लाकडी ठोकळे, चाकं घरंगळू नयेत म्हणून लावायच्या उटी, लांब हातमोजे, तीन परावर्तक त्रिकोण, हातातला तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर.

कागद: ट्रेलरचं रजिस्ट्रेशन, विमा, टायरचं बिल डॉट क्रमांकासह, वजनकाट्याची पावती, पाट्यांचे फोटो आणि रस्त्यावर मदत देणाऱ्या योजनेचा क्रमांक. या योजनेचं बारीक अक्षर वाचा. अनेक साध्या योजना कार उचलून नेतात आणि ट्रेलर रस्त्याकडेला ठेवून जातात. ट्रेलरसह पाहिजे असेल तर वेगळा आरव्ही (राहायची सोय असलेल्या वाहनांचा) दर्जा घ्यावा लागतो.

९. जोडणी आणि रस्ता

निघताना क्रमाने: कपलर (ट्रेलरच्या पुढच्या टोकाची वाटी) बॉलवर बसून खिट्टी लागली का, सुरक्षा साखळ्या खाली फुलीसारख्या ओलांडून लावल्या का, ब्रेकअवेची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) तार गाडीला, साखळीला नव्हे, सात पिनांचा प्लग, दिवे, जॅक पूर्ण वर. मग रिकाम्या पार्किंगमध्ये २०-२५ च्या वेगाने जाऊन ब्रेक कंट्रोलरची (गाडीत बसून ट्रेलरचे ब्रेक लावायच्या यंत्राची) मूठ दाबून बघा. ट्रेलरने गाडी मागे खेचल्यासारखी रोखली पाहिजे, पण चाकं लॉक होता कामा नयेत.

सामान ठेवताना जड वस्तू अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे. सगळ्या सायकली मागच्या बंपरवर लटकवल्या की टंग वेट घटतं आणि ट्रेलर शेपटी हलवू लागतो. हा सगळ्यात धोकादायक प्रकार. तसं सुरू झालं तर गाडीचा ब्रेक दाबू नका आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका. पाय एक्सलरेटरवरून उचला, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरची मूठ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. शेजारी बसणाऱ्यालाही ही मूठ कुठे आहे ते दाखवून ठेवा.

वेग ६० ते ६५. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कायद्यानेच ५५. उताराला टो-हॉल मोड (ओझं ओढताना वापरायची गाडीची गिअर-व्यवस्था), खालचा गिअर, आणि ब्रेक सतत घासत न ठेवता एकदा पक्का दाबून सोडायचा. कोलोरॅडोत आय-७० (आय म्हणजे इंटरस्टेट महामार्ग) वर आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे आणि पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे ७ टक्क्यांचा उतार लागतो. तिथे वरूनच खालच्या गिअरमध्ये उतरायला लागा, ब्रेकचा वास यायची वाट पाहू नका.

रस्त्याची निवड मात्र फोनवरच्या साध्या नकाशावर सोडू नका. त्याला तुमच्या मागे ट्रेलर आहे हे माहीत नसतं. कनेक्टिकटच्या मेरिट पार्कवेवर ट्रेलरला बंदी आहे, न्यू यॉर्कच्या पार्कवेंवरही, आणि तिथले दगडी पूल बुटके आहेत. बाल्टिमोरमधल्या आय-९५ आणि आय-८९५ च्या बोगद्यांतून ट्रेलरवरच्या मापाच्या प्रोपेनच्या (गॅसच्या) टाक्या नेता येत नाहीत. पूर्वी लोक आय-६९५ वरून की ब्रिज घेत. तो २६ मार्च २०२४ ला जहाज धडकून कोसळला, त्यामुळे आता शहराच्या पश्चिमेची बाजू घ्यावी लागते. न्यू जर्सीहून व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ नॅशनल पार्कला जायचं असेल तर सरळ आय-७८ ने हॅरिसबर्गच्या दिशेने जाऊन आय-८१ धरा, बाल्टिमोरची भानगडच नको. त्या पार्कातल्या स्कायलाइन ड्राइव्हवरच्या मेरीज रॉक बोगद्याची उंची १२ फूट ८ इंच आहे. छतावरच्या एसीसकट तुमच्या ट्रेलरची उंची मोजून आरशावर चिकटवा. आणि ग्लेशियर नॅशनल पार्कला जाणाऱ्यांनो, गोइंग-टू-द-सन रोडच्या अ‍ॅव्हलांच ते रायझिंग सन या टप्प्यावर गाडी-ट्रेलर मिळून २१ फुटांच्या वर लांबी चालत नाही. म्हणजे ट्रेलर कॅम्पग्राउंडवरच ठेवायचा.

दर दोन तासांनी थांबा. खाली उतरून एक फेरी: प्रत्येक टायर आणि हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) थर्मामीटर, नटांवर नजर, साखळ्या, प्लग. उन्हाकडची बाजू थोडी जास्त गरम निघते, ते ठीक. एकच हब बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर पुढे निघू नका.

१०. तरीही टायर फुटला तर

जोरात ब्रेक नको. स्टिअरिंग घट्ट, वेग हळूहळू खाली, उजवीकडे. शक्य असेल तर कडेला न थांबता हळू हळू पुढच्या एक्झिटपर्यंत जा. रिम गेलं तर गेलं. थांबावंच लागलं तर मुलांना रहदारीच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरवून कठड्यापलीकडे न्या, मगच त्रिकोण लावायला जा. फुटलेला टायर रहदारीच्या बाजूचा असेल तर स्वतः बदलू नका. मदत बोलवा, कितीही वेळ लागो.

स्वतः बदलणार असाल तर ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा आणि पलीकडच्या चाकांना उटी लावा. जॅक चौकटीच्या पोलादी बीमखाली लावायचा, अ‍ॅक्सलच्या नळीखाली कधीच नाही, ती वाकते. चाक हवेत उचलायच्या आधी नट थोडे सैल करा.

टायरचे फाटलेले पट्टे वेगाने आपटतात आणि चाकाच्या कमानीत हैदोस घालतात. म्हणून चाक बदलल्यावर खाली वाकून बघा: ब्रेकची वायर तुटली का, गॅसची नळी चेपली का, तळाचा पत्रा फाटला का. गॅसचा वास आला तर टाक्या बंद. सगळ्याचे फोटो काढा, फुटलेल्या टायरचेही, तारखेच्या आकड्यासह. विम्याला आणि टायर निर्मात्याला तेच लागतात, त्यामुळे तुकडे तिथेच टाकून येऊ नका.

आणि त्याच बाजूचा दुसरा टायर संशयित धरा. जोडीदार फुटल्यापासून तुम्ही थांबेपर्यंत दोघांचा भार त्याने एकट्याने वाहिला आहे. वरून धड दिसला तरी आतून सैल झालेला असू शकतो. स्टेपनीवर कमी वेगाने जवळच्या टायरच्या दुकानापर्यंत जा आणि दोन टायर विकत घ्या.